नोव्हेंबरचा हवामान अंदाज: घाटमाथ्याला वेगळा, घाटापलीकडच्या देशावर वेगळा वाचावा लागतो

हवामान खात्याच्या नावाने खडे फोडायचा हंगाम म्हणजे जून-जुलै. पण चुकलेल्या किंवा चुकीच्या वाचलेल्या अंदाजाची खरी किंमत मोजावी लागते ती ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. जुलैत पाऊस दोन दिवस लांबला तर लावणी दोन दिवस लांबते. नोव्हेंबरात फुलोऱ्यातल्या द्राक्षबागेवर एका रात्रीची सर आली की घडांची गळ आणि कूज सुरू होते, कोकणात कापून आडवे टाकलेले भात शेतातच भिजते, वाफ्यातले कांद्याचे रोप पिवळे पडते आणि ढगाळ हवेत तुरीवर अळी चढते.

म्हणून भारतीय हवामान विभागाच्या या सहा-सात आठवड्यांतल्या सेवेचे हे परीक्षण, महाराष्ट्र आणि गोव्यापुरते. निकाल आधीच सांगून टाकतो. पाच दिवसांच्या आतल्या पावसासाठी सेवा चांगली. दोन आठवड्यांच्या थंडीचा कल ओळखायला उपयोगी. महिन्याच्या नियोजनाला जेमतेम. आणि डोंगराळ मुलखातल्या रात्रीच्या तापमानासाठी अपुरी. पाचपैकी साडेतीन तारे. सगळे फुकट मिळते, हे लक्षात घेऊन अर्धा तारा वाढवायचा मोह होतो, पण ज्याचे पीक उघड्यावर आहे त्याला फुकट अंदाजही महागात पडू शकतो.

महिन्याचा अंदाज: मथळ्यापुरता

दर महिन्याच्या अखेरीस पुढच्या महिन्याचा पाऊस आणि तापमान यांचा देशपातळीवरचा अंदाज येतो. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा असतो: नोव्हेंबरात सरासरीइतका पाऊस. इथे 'सरासरीइतका' म्हणजे काय ते पाहावे. नोव्हेंबरात देशभरात पडणारा पाऊस १९७१ ते २०२० या काळाच्या सरासरीने २९.७ मिमी. त्याच्या ७७ ते १२३ टक्के पाऊस झाला तरी तो 'सामान्य'च. म्हणजे २३ मिमीही सामान्य आणि ३६ मिमीही सामान्य. ऑक्टोबरला हीच चौकट ८५ ते ११५ टक्के असते, कारण ऑक्टोबरची सरासरी ७५.४ मिमी, नोव्हेंबरच्या अडीचपट. मूळ आकडा लहान झाला की टक्केवारी ताणली जाते. आणि हा सगळा हिशोब देशाचा. त्यातला मोठा वाटा तमिळनाडू आणि केरळचा. नगर जिल्ह्यातल्या ज्वारीला त्यातून काही कळत नाही.

दुसरा मथळा असतो ईशान्य मोसमी पावसाचा. ऑक्टोबर ते डिसेंबरचा हा हंगामी अंदाज ज्या पाच उपविभागांसाठी दिला जातो ते म्हणजे तमिळनाडू, किनारी आंध्र, रायलसीमा, केरळ आणि दक्षिण अंतर्गत कर्नाटक. महाराष्ट्रातले चारही उपविभाग, म्हणजे कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ, त्यात नाहीत. 'यंदा परतीनंतरही पाऊस जास्त' असे फॉरवर्ड फिरायला लागले की आधी अंदाज कोणत्या मुलखाचा आहे ते पाहावे. दहापैकी नऊ वेळा तो चेन्नईकडचा असतो.

नकाशा मात्र बघण्यासारखा असतो, वाचता आला तर. त्यात रंग असतात शक्यतेचे, मिलिमीटरचे नाहीत. निळा-हिरवा म्हणजे सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता अधिक, पिवळा-तांबडा म्हणजे कमीची. पांढरा भाग म्हणजे कोरडा नव्हे. जास्त, कमी आणि सरासरी या तिन्हींची शक्यता सारखीच, म्हणजे अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलला तिथे सांगण्यासारखे काही सापडलेले नाही. नोव्हेंबरच्या नकाशात महाराष्ट्राचा मोठा तुकडा पांढरा दिसला तर तो प्रामाणिकपणा समजावा.

गुरुवारचा अंदाज: सर्वांत दुर्लक्षित, सर्वांत कामाचा

विस्तारित पल्ल्याचा अंदाज दर गुरुवारी निघतो आणि पुढच्या चार आठवड्यांचा असतो. पहिले दोन आठवडे गंभीरपणे घ्यावेत, तिसरा-चौथा नजरेखालून घालावा. त्यातही तापमानाचा भाग पावसाच्या भागापेक्षा भरवशाचा. त्याला कारण आहे. नोव्हेंबरातले तापमान वाऱ्याच्या मोठ्या रचनेवर चालते. उत्तरेत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणारी पाऊस-बर्फ देणारी वाऱ्यांची प्रणाली, येऊन गेला की त्याच्या मागून कोरडे उत्तरेचे वारे खाली उतरतात आणि खानदेश, नाशिक, नगर, पुणे या ओळीने पारा घसरतो. याउलट बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की आपल्याकडे पूर्वेचे दमट वारे आणि वरच्या थरातले ढग येतात. पाऊस पडला नाही तरी ढगांचे पांघरूण रात्रीची उष्णता अडवते आणि किमान तापमान दोन दिवसांत चार-पाच अंशांनी चढते. 'थंडी गायब' हा नोव्हेंबरातला ठरलेला मथळा यातूनच येतो. ही रचना आठ-दहा दिवस आधी मॉडेलला दिसते. एखाद्या तालुक्यावरची सर दिसत नाही.

याचा उपयोग कसा करायचा? गव्हाच्या वेळेवर पेरणीचा काळ बागायतीत नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धरला जातो. गुरुवारच्या नकाशात पहिल्या आठवड्यात किमान तापमान सरासरीपेक्षा दोन-तीन अंश वर आणि दुसऱ्यात सरासरीवर किंवा खाली दिसत असेल, तर पंधरवड्याच्या सुरुवातीऐवजी शेवटाकडे पेरावे. उबेत उगवलेल्या गव्हाला फुटवे कमी येतात. कोकणातल्या आंबा बागायतदारालाही हाच नकाशा. लांबलेला पाऊस आणि चढे किमान तापमान म्हणजे मोहोराऐवजी पालवी, आणि कोवळ्या पालवीवर तुडतुडे. सलग दोन गुरुवार किमान तापमान चढेच दाखवत असतील तर पालवीच्या संरक्षणाची तयारी फवारणी पंप उघडण्याच्या आधी करता येते.

तक्रार एकच: हे पान इंग्रजीत, जड नकाशांच्या गठ्ठ्यात दडलेले असते. मराठीत चार ओळींचा सारांश द्यायला काय हरकत आहे, कळत नाही.

पाच-सात दिवसांचा अंदाज: शब्दांना मोजमाप आहे

रोजच्या जिल्हानिहाय अंदाजात सगळ्यांत जास्त गैरसमज होतात, कारण त्यातले शब्द बोलीतले वाटतात आणि असतात परिभाषेतले. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंतच्या ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के, 'बऱ्याच ठिकाणी' ५१ ते ७५ टक्के आणि 'बहुतांश ठिकाणी' त्याच्याही वर. तेव्हा 'तुरळक ठिकाणी पाऊस' असे वाचून गावात काहीच पडले नाही, तर अंदाज चुकला असे होत नाही; चारपैकी तीन गावांत काही न पडणेच अपेक्षित होते.

ही टक्केवारी मोजताना २.५ मिमीच्या खालचा पाऊस धरत नाहीत. नोव्हेंबरातला हा मोठा छुपा खड्डा आहे. पहाटे एक मिमी भुरभुर पडली आणि सकाळी नऊपर्यंत ऊन आले नाही, तर हिशोबात जवळजवळ काही नोंदले जात नाही, पण द्राक्षाची पाने चार-पाच तास ओली राहतात. डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाला, पुरेसे होते तेवढे. बागायतदाराला पावसाच्या मिलिमीटरपेक्षा पाने किती तास ओली राहणार हा आकडा हवा असतो. जिल्हा अंदाजात तो नाही. तो स्वतः काढायचा तर सकाळची आर्द्रता, वारा आणि ढग हे तीन रकाने एकत्र वाचावे लागतात: आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर, वारा ताशी पाच किमीच्या खाली आणि सकाळी आभाळ, असे तिन्ही जुळले की पाने उशिरापर्यंत ओली राहणार.

पावसाच्या जोराच्याही पायऱ्या ठरलेल्या आहेत. १५.५ मिमीपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून ११५.५ पर्यंत मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. या मर्यादा बारा महिने त्याच. इथेच या सेवेची खरी उणीव आहे. नोव्हेंबरात २० मिमी पाऊस खळ्यावरच्या धान्याची वाट लावतो, बागलाणात लवकर छाटणी केलेल्या बागांत पक्व मणी तडकवतो, पण तक्त्यात तो 'मध्यम' म्हणून गप्प बसतो. विजा किंवा वाऱ्यामुळे पिवळा रंग लागला तर लागला, पावसाच्या प्रमाणामुळे लागत नाही. मर्यादा पावसाळ्याच्या आणि नुकसान सुगीचे, असा हा मेळ. तेव्हा ऑक्टोबरनंतर हिरव्या रंगावर समाधान न मानता मजकूर वाचावा. 'हलका ते मध्यम, मेघगर्जनेसह' एवढे शब्द दिसले की वाळत घातलेला माल झाकायला तेच पुरेसे कारण.

रंगांचे अर्थ तर आता सगळ्यांना पाठ आहेत: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे हालचाल करा. एवढे मात्र ध्यानात असावे की रंग ठरवताना घटनेची तीव्रता आणि ती घडण्याची शक्यता दोन्ही पाहिल्या जातात. चार दिवस आधी पिवळा असलेला दिवस आदल्या दिवशी नारिंगी होतो तो खात्याची धरसोड म्हणून नव्हे, खात्री वाढली म्हणून.

आणि दिवस मोजतात सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ. २६ तारखेचा पाऊस म्हणजे २७ च्या पहाटे पडलेलाही. फवारणीचे वेळापत्रक मध्यरात्रीला तारीख बदलून आखणारे इथे हमखास फसतात.

घाट आणि देश: एका जिल्ह्यात दोन हवा

पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक या जिल्ह्यांना पावसाच्या इशाऱ्यात घाटाचा वेगळा रकाना मिळाला, ही गेल्या काही वर्षांतली चांगली सुधारणा. पण हा रकाना नैऋत्य मोसमी पावसाच्या गणितातून जन्मलेला. पश्चिमेचा दमट वारा कड्यावर आदळतो, घाटमाथ्यावर कोसळतो, पूर्वेला पर्जन्यछाया. ऑक्टोबरच्या मध्यापासून हे चित्र उलटे होते. वरच्या थरात वारा पूर्वेचा, खाली दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा पश्चिमेचा, आणि दोघांची गाठ पडते सह्याद्रीच्या धारेजवळ. दुपारी दोन-तीननंतर तिथे ढग उभे राहतात आणि वरच्या वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे सरकत संध्याकाळी कोकणात गडगडत उतरतात. जुलैत रत्नागिरीला पाऊस समुद्राकडून येतो. ऑक्टोबरच्या अखेरीस तो घाटाकडून येतो. गडावर जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: 'दुपारनंतर मेघगर्जना' असे असेल त्या दिवशी दुपारी एकच्या आत माथा सोडावा. ढग तयार झाल्यापासून वीज पडेपर्यंत अर्ध्या-पाऊण तासाची सवड असते, आणि कळसुबाईसारख्या १,६४६ मीटर उंचीच्या उघड्या माथ्यावर लोखंडी शिड्यांवरून उतरायला तेवढी पुरत नाही.

रात्रीच्या तापमानाचा प्रश्न याहून अवघड, आणि त्याला वेगळा रकानाच नाही. तापमानाचा अंदाज शहराच्या नावाने येतो, म्हणजे त्या शहरातल्या वेधशाळेच्या जागेचा. दिवसा हिशोब सोपा आहे: दर हजार मीटर चढाला सुमारे सहा अंश वजा करावेत. रात्री हाच हिशोब केला की फसगत. नोव्हेंबरातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने उष्णता सोडते, तिला लागलेली हवा गार आणि जड होते आणि उतारावरून ओघळत खोलगट जागी साचते. डोंगराच्या मधल्या उतारावर उबदार आणि तळाशी गारठा. ओढ्याकाठची बाग आणि तिच्याच मालकाची माळावरची बाग यांत पहाटे तीन अंशांचा फरक पडू शकतो आणि अंदाजात दोन्ही 'नाशिक' असतात.

निफाडचा पारा दरवर्षी बातमीत येतो तो याचमुळे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली नोंद नाशिक शहरापेक्षा दोन-तीन अंशांनी खाली असणे नेहमीचेच. गोदाकाठची सखल, उघडी, शेतीची जमीन. सिमेंट नाही, आडोसा नाही. उंचीने महाबळेश्वर निफाडच्या दुपटीहून अधिक, तरी बऱ्याच पहाटे निफाड जास्त गार. खुद्द महाबळेश्वरातही तेच: वेधशाळा पठारावर आणि वेण्णा तलाव खोलगट भागात. पठारावर पारा शून्याच्या बराच वर असताना वेण्णाकाठी आणि लिंगमळ्याला गवतावर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठते. त्यात आणखी एक भर: वेधशाळेचा तापमापक जाळीदार पेटीत जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास असतो. अशा रात्री गवताच्या पातळीवरचे तापमान त्याहून तीन ते पाच अंश कमी भरते. स्ट्रॉबेरीचे रोप सव्वा मीटर उंच नसते.

पुण्यात डोंगर-दरी लागतही नाही. शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, मगरपट्टा यांचे त्याच पहाटेचे आकडे शेजारी ठेवले तर पाषाण आणि मगरपट्टा यांत चार-पाच अंशांचे अंतर दिसते. बातमीत 'पुणे ११ अंश' असते ते शिवाजीनगरचे.

थंडीच्या लाटेची व्याख्याही मुलखानुसार बदलते, हे खात्याने नीट केले आहे. सपाटीवर किमान तापमान १० अंश किंवा कमी आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक खाली असेल तर लाट, ६.४ पेक्षा जास्त खाली गेल्यास तीव्र लाट. डोंगराळ भागात १० ऐवजी शून्य अंश. किनारपट्टीवर १५ अंश. दोन्ही अटी एकदम पाहायच्या. ज्या ठिकाणी सरासरी १४ आहे तिथे पारा १० वर आला तर गारठा असेल, लाट नाही, ९.५ वर आला की लाट. 'दहाच्या खाली म्हणजे लाट' हा फक्त निम्मा नियम.

अंदाजातला किमान आकडा आपल्या शिवाराला लावण्याची एक जुनी, साधी युक्ती आहे. संध्याकाळी साडेपाचची दवबिंदू तापमानाची नोंद पाहावी. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पहाटेचा पारा त्या आकड्याच्या आसपास येऊन अडकतो, कारण तिथून दव पडायला लागते आणि दव पडताना उष्णता बाहेर येते. संध्याकाळचा दवबिंदू १५ असताना कोणी पहाटे नऊ अंशांचा अंदाज दिला तर हसून सोडून द्यावा. दवबिंदू आठ-नऊवर घसरला की मात्र बागेत पहाटे ठिबक चालवायची तयारी ठेवावी.

वादळाची रेघ आणि पावसाचा पट्टा

हा काळ अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. पण जास्त शिकण्यासारखे वर्ष २०१९ चे. ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार आणि पाठोपाठ महा. दोन्हींपैकी एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्याला धडकले नाही, आणि तरी राज्यभर द्राक्ष, सोयाबीन, मका, भात यांची दाणादाण उडाली. वादळाच्या मार्गाची रेघ ओमानकडे वळली की इथले लोक सुटकेचा श्वास टाकतात. दमट हवेचा पट्टा मात्र शेकडो किलोमीटर पूर्वेला पसरलेला असतो. खात्याच्या वादळ-पत्रकात मार्गाचा नकाशा आणि जिल्हानिहाय पावसाचा इशारा वेगवेगळे असतात. शेतकऱ्याने दुसरा आधी उघडावा. मार्गाचा नकाशा मच्छीमारांसाठी, त्यातही वाऱ्याचा आकडा: ताशी ६२ किमीपासून चक्रीवादळ म्हणतात, पण ४५-५५ च्या वाऱ्यातही लहान होडीला समुद्र झेपत नाही.

गारपिटीचे तंत्र निराळे. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड-चांदवड पट्ट्यात बागा झोडपल्या गेल्या तेव्हा पश्चिमेकडून आलेला वरच्या थरातला गार हवेचा पट्टा आणि अरबी समुद्रावरची दमट पूर्वेची हवा एकमेकांवर आली होती. असा संयोग तीन-चार दिवस आधी ओळखता येतो. गारा नेमक्या कोणत्या गावावर पडणार, ते तीन तास आधीपर्यंत कोणीही सांगू शकत नाही, आणि सांगणारा भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे.

त्या तीन तासांसाठी तात्कालिक अंदाज आणि रडार आहेत. इथे नाशिककरांनी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. मुंबईच्या रडारचा सर्वांत खालचा किरण अर्ध्या अंशावर सोडला तर पृथ्वीच्या गोलाईमुळे दीडशे किलोमीटरवर तो समुद्रसपाटीपासून अडीच किलोमीटरच्या वर गेलेला असतो, शिवाय मध्ये सह्याद्री. ढगाचे पोट दिसत नाही, डोके दिसते. गारांचे उंच ढग त्यात सापडतात. नोव्हेंबरातला ठेंगणा, रिमझिम देणारा ढग निसटतो. रडारचे चित्र कोरे आहे म्हणजे पाऊस नाही, असे देशावर धरू नये. विजेसाठी 'दामिनी' हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ॲप. २० आणि ४० किमीच्या वर्तुळातल्या विजा दाखवते. सुगीच्या दिवसांत रानात राबणाऱ्यांच्या फोनवर ते असायलाच हवे.

कृषी सल्ला, मौसमग्राम आणि बाकीचे

मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी विद्यापीठांच्या केंद्रांतून पीकसल्ला निघतो. 'मेघदूत' ॲपवर तो मराठीत मिळतो. परभणीचा सल्ला नेमका आणि सुटसुटीत असतो. पण काही जिल्ह्यांचा सल्ला वर्षानुवर्षे तीच वाक्ये फिरवतो: 'पिकात पाणी साचणार नाही याची काळजी घ्यावी.' कृषी विज्ञान केंद्रांतले जिल्हा कृषी-हवामान कक्ष २०२४ मध्ये बंद झाल्यावर तालुक्याच्या पातळीवरचा बारकावा आणखी पातळ झाला. द्राक्षवाल्यांनी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा साप्ताहिक सल्ला जोडीला वाचावा. त्यात बागेची अवस्था आणि रोगाचा धोका एकत्र मांडलेला असतो.

'मौसमग्राम' ही खात्याची गावनिहाय अंदाजाची ऑनलाइन सेवा जानेवारी २०२४ मध्ये आली. गावाचे नाव किंवा पिनकोड टाकला की पहिल्या ३६ तासांचा तासागणिक, पाच दिवसांपर्यंत तीन-तीन तासांचा आणि दहा दिवसांपर्यंत सहा-सहा तासांचा आलेख मिळतो. सपाटीवर उत्तम. डोंगरी गावासाठी मात्र तो आकडा गावाचा नसतो, मॉडेलच्या चौकोनाचा असतो (मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून दर चौकोनाला एकच आकडा देते), आणि चौकोन दरी-डोंगर सरासरीत बुजवतो. गाव १,२०० मीटरवर आणि चौकोनाची सरासरी उंची ८५० असेल तर दुपारचे तापमान दोन अंश जास्त दाखवणार. मे २०२५ मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टिम या मॉडेलने चौकोन १२ किमीवरून ६ किमीवर आणला. फरक पडेल, पण सह्याद्रीची धार कित्येक ठिकाणी सहा किमीपेक्षा अरुंद आहे.

फोनमधले आयते ॲप आणि विंडी हे हवामानाचे संकेतस्थळ हेही मॉडेलचेच आकडे दाखवतात. विंडीचा फायदा असा की युरोपीय आणि अमेरिकी मॉडेल शेजारी ठेवून पाहता येते. दोन्ही सहमत असतील तर खात्याच्या अंदाजावर विश्वास वाढवावा, फारकत असेल तर आणखी एक दिवस थांबावे. महावेध या राज्याच्या हवामान-नोंदणी प्रकल्पाची महसूल मंडळातली स्वयंचलित केंद्रे दोन हजारांहून अधिक आहेत आणि फळपीक विम्याचा हिशोब त्यांच्यावर चालतो. ती मोजतात, अंदाज देत नाहीत. कोणता आकडा कशासाठी, याची गल्लत विम्याच्या दाव्यात महाग पडते.

डोंगराळ भागातल्या रात्रीची उणीव घरच्या घरी बरीचशी भरून काढता येते. साधा कमाल-किमान तापमापक घ्यावा, सव्वा मीटरवर, सावलीत, भिंतीपासून लांब, उत्तरेकडे तोंड करून हवा खेळेल असा टांगावा. दुसरा, शक्य असेल तर, बागेतल्या सर्वांत खोलगट जागी पानांच्या उंचीवर. रोज सकाळी साडेआठला वाचून जवळच्या वेधशाळेच्या किमान आकड्याशेजारी लिहावे. पंधरा निरभ्र रात्रींचा फरक काढून त्याची सरासरी घेतली की ती आपल्या शिवाराची वजाबाकी; पुढच्या अंदाजातून तेवढे अंश कमी करायचे. ढगाळ रात्री वेगळ्या रकान्यात लिहाव्यात, कारण त्या रात्री फरक जवळजवळ उरत नाही आणि सरासरीत मिसळला तर वजाबाकी निम्म्यावर येते.